घाटात काय बघायचं?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ‘आमचे अनुभव’ या कार्यक्रमात एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवसाहेब महिनाभरापूर्वी घरी आले आणि म्हणाले, “नाना, तुम्ही मुलाकडे अमेरिकेला सहा महिने राहून आलात. रौप्यमहोत्सवात पंधरा मिनिटं बोला.” मी म्हटलं, साहेब, मी एकतीस वर्षं एसटी चालवली. माझ्या डोक्यामागे पाटी असायची, ‘चालकाशी बोलू नये.’ एकतीस वर्षं माझ्याशी कोणी बोललं नाही आणि मीही कोणाशी बोललो नाही. आता सत्तरी जवळ आल्यावर भाषण कुठून करू? पण ते ऐकेनात. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

सहा महिन्यांचं सगळं सांगत बसलो तर जेवणाची वेळ टळेल, आणि आज बट्टी आहे हे मला माहीत आहे. म्हणून एका दिवसाचंच सांगतो. एका घाटाचं.

तुमच्यापैकी जुन्या लोकांना माहीत आहे, माझी बरीचशी नोकरी धुळे-औरंगाबाद मार्गावर गेली. आताचं छत्रपती संभाजीनगर. चाळीसगाव सोडलं की कन्नडचा घाट. औट्रम घाट म्हणतात तो. हा औट्रम म्हणजे जेम्स औट्रम, १८२५ साली खानदेशात भिल्लांची पलटण उभी करायला आलेला इंग्रज अधिकारी. धरणगावला त्याचा मुक्काम असे. त्याचं नाव घाटाला चिकटलं ते चिकटलंच. त्या घाटातून मी किती वेळा गेलो याचा हिशेब नाही. पावसात, धुक्यात, रात्री दोन वाजता, पुढे उसाचा ट्रक बंद पडलेला असताना, सगळ्या तऱ्हांनी गेलो.

आणि आमच्या सौ., त्या पुढच्या रांगेत बसल्यात, लग्न झाल्यापासून एक गोष्ट मागत होत्या. “एकदा मला घाट दाखवा. वर गाडी थांबवून. पावसाळ्यात.” दरवेळी माझं उत्तर एकच, “घाटात काय बघायचं? वळणं!”

सुट्टीच्या दिवशी मी झोपायचो, नाहीतर जास्तीची ड्युटी घ्यायचो. प्लॉटचे हप्ते होते. याच सोसायटीतलं घर बांधताना वाळू किती आली, सिमेंटच्या गोण्या किती उरल्या, हा सगळा हिशेब तिने ठेवला. पाण्याच्या टँकरच्या रांगेत ती उभी राहिली. मी सप्तशृंगीच्या यात्रेला लोकांना नेलं, पंढरपूरला नेलं, लग्नाची वऱ्हाडं नेली. घरच्या माणसाला एकदाही खिडकीशी बसवून कुठे नेलं नाही. ही काही अभिमानाची गोष्ट नाही, पण खरं ते सांगतो.

मुलगा डेन्व्हरला असतो. डेन्व्हर हे कोलोरॅडो राज्याचं राजधानीचं शहर. ते समुद्रसपाटीपासून एक मैल उंचीवर आहे, म्हणजे ५,२८० फूट. मी पहिल्याच दिवशी नातवाला म्हटलं, बाळा, आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. तुमचं गाव १,६०९ मीटर. म्हणजे तुम्ही जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर दूध-कॉर्नफ्लेक्स खाता! त्याला गंमत वाटली. मला मात्र जिना चढताना धाप लागली. आपलं धुळं जेमतेम अडीचशे मीटरवर, तेव्हा हे होणारच.

आम्ही जाऊन दहा-बारा दिवस झाले होते. जून महिना. मुलगा म्हणाला, “नाना, रविवारी तुम्हाला घाट दाखवतो. असा घाट तुम्ही चालवला नसेल.” मी मनात म्हटलं, हा मला घाट दाखवणार!

त्या रस्त्याचं नाव ट्रेल रिज रोड. रॉकी माउंटन नॅशनल पार्क म्हणून मोठं राष्ट्रीय उद्यान आहे, १९१५ साली स्थापन झालेलं. त्याच्या मधून, डोंगराच्या कण्यावरून हा रस्ता जातो. एका टोकाला एस्टेस पार्क गाव, दुसऱ्या टोकाला ग्रँड लेक. लांबी ४८ मैल, म्हणजे साधारण ७७ किलोमीटर. आपण इथून चाळीसगावच्या पुढे घाटाच्या पायथ्याला जाऊन लागतो तेवढाच हिशेब धरा. पण सगळ्यात उंच जागा १२,१८३ फूट! कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. ११ मैल तर असा आहे की तिथे झाडच उगवत नाही. हे काम १९२९ ला सुरू झालं आणि १९३२ ला रस्ता वाहतुकीला खुला झाला. तिथे वर्षातले जेमतेम चार महिने काम करता येई, बाकी बर्फ. आजही ऑक्टोबरच्या मध्याला रस्ता बंद होतो तो मेच्या अखेरीस उघडतो. एप्रिलपासून यंत्रं बर्फ कापायला लागतात. रस्त्याच्या कडेला उंचच उंच काठ्या रोवलेल्या दिसतात. मी विचारलं या कशाला, तर बर्फाखाली रस्ता कुठे आहे ते यंत्रवाल्याला कळावं म्हणून.

आणि ही वाट काही गोऱ्या लोकांनी शोधलेली नाही बरं का. तिथले मूळ रहिवासी, यूट आणि अरापाहो जमातीचे लोक, शेकडो वर्षं त्या डोंगरावरून ये-जा करायचे. अरापाहो लोकांनी त्या वाटेला दिलेल्या नावाचा अर्थ ‘मुलं चालत जायची ती वाट’ असा आहे. चढ इतका खडा की एरवी उचलून नेलेली लहान मुलं तिथे खाली उतरवावी लागत, त्यांनी पायी चढायचं. आपल्या सातपुड्यातही असंच आहे. आधी आदिवासींची पायवाट, मग बैलवाट, मग डांबर. पाटीवर नाव येतं शेवटी आलेल्याचं.

तर रविवारी पहाटे निघालो. आत जायला वेळ ठरवून आधी नोंदणी करावी लागते, ती मुलाने केली होती. आत पेट्रोल पंप नाही, म्हणून टाकी भरली. सूनबाईंनी थर्मासमध्ये चहा घेतला. सौ.नी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि धुळ्याहून नेलेल्या शेवेचं पाकीट घेतलं. मुलगा म्हणाला, “आई, तिथे सगळं मिळतं.” ती म्हणाली, “मिळू दे.”

आता माझी गंमत ऐका. तिकडे स्टिअरिंग डाव्या बाजूला. मला मान म्हणून पुढे बसवलं, म्हणजे उजव्या बाजूला. माझी एकतीस वर्षांची जागा! पण समोर स्टिअरिंग नाही, पायाखाली ब्रेक नाही. प्रत्येक वळणाला माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. मागून नातू म्हणाला, “आजोबा, तिथे काही नाहीये.” मी म्हटलं, माहीत आहे रे, पण पायाला माहीत नाही.

एस्टेस पार्क सोडलं आणि चढ सुरू झाला. पाइनची उंच झाडं, मधे मोकळी कुरणं. एल्क नावाची जनावरं चरत होती, आपल्या सांबराच्या जातीतली पण चांगली थोराड. मेनी पार्क्स कर्व्ह, रेनबो कर्व्ह अशी वळणांची नावं. रेनबो कर्व्हला १०,८२९ फूट. तिथून पुढे झाडं लहान होत गेली, वाऱ्याने एका अंगाला वाकलेली, आणि मग एकदम संपलीच. डांबराच्या एका बाजूला बर्फाची माणसाहून उंच भिंत आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. बऱ्याच ठिकाणी कठडाही नाही. मागून सौ. म्हणाल्या, “माय वो! कितलं खोल शे!” ते वाक्य मला अजून आठवतं, कारण त्यानंतर बराच वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत.

फॉरेस्ट कॅन्यन नावाच्या ठिकाणी उतरलो. खाली दरी, समोर बर्फाच्या शिखरांची रांग, एका अंगाला लाँग्ज पीक, १४,२५९ फूट. जमिनीला चिकटून इवली इवली फुलं. पाटी होती की वाट सोडून गवतावर पाय देऊ नका. इतक्या थंडीत तिथलं एक बोटभर झुडूप वाढायला कित्येक वर्षं लागतात, आणि तुडवलं तर ते भरून यायला आपला जन्म पुरत नाही. कोणीही पाय ठेवत नव्हतं. लहान मुलंसुद्धा. मला आपला गौताळा आठवला. १९८६ साली अभयारण्य जाहीर झालेलं जंगल, आणि पावसाळ्यात घाटाच्या वळणावळणाला चिप्सची पाकिटं पडलेली असतात.

पाकिटावरून आठवलं. नातवाने शेवेचं पाकीट बाहेर काढलं तर ते फुग्यासारखं टम्म फुगलेलं! तो ओरडला, “आजी, शेव फुटणार!” वर हवेचा दाब कमी, पाकिटातली हवा धुळ्याची, ती फुगली. आम्ही सगळे हसलो. मी सहज वर ऊन अडवायच्या झडपेतला छोटा आरसा खाली केला. जुनी सवय आहे. चालक रस्ता बघतो तसा आरशात पाठीमागचे प्रवासीही बघतो. कोणाला मळमळतंय, कोण पेंगतंय, कोणाचं मूल रडतंय. तर आरशात सगळे हसताना दिसले, सौ. सोडून. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ओठ कोरडे. डोळे मिटलेले.

मी विचारलं, “काय होतंय?”

“काही नही. मी बरी शे.”

आता चाळीस वर्षांच्या संसारात ‘मी बरी शे’ याचे किती अर्थ असतात हे मला कळायला हवं होतं. पण मीही म्हटलं, असेल. पुढे गेलो. सगळ्यात उंच भागही ओलांडला. थोडं पुढे अल्पाइन व्हिजिटर सेंटर आहे, ११,७९६ फुटांवर. छपरावर मोठमोठे ओंडके ठेवलेत, नाहीतर वाऱ्याने छप्परच जाईल. तिथे गाडी थांबली, सगळे उतरले, सौ. उतरल्या आणि दोन पावलं टाकून गाडीलाच टेकल्या. मग म्हणाल्या, “डोकं दुखस. मघापासून.”

“मघापासून म्हणजे?”

म्हणजे रेनबो कर्व्हपासून. तासाभरापेक्षा जास्त वेळ त्या डोकं धरून, मळमळ सोसत गप्प बसल्या होत्या. कारण काय, तर पोराने हौसेने आणलंय, त्याचा रविवार बिघडायला नको. आणि दुसरं कारण त्यांनी नंतर सांगितलं, ते पुढे सांगतो.

मुलगा घाबरला. आईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत हे त्याला माहीत होतं. तो म्हणाला, “चला, लगेच मागे फिरू. आलो त्या रस्त्याने घरी.” बरोबरच होतं त्याचं. माणूस घाबरला की आलेल्या वाटेने पळतो. पण मी एकतीस वर्षं घाट चालवलेला माणूस. मी म्हटलं, “थांब. नकाशा दाखव.”

नकाशात बघितलं. मागे फिरलो तर काय? आम्ही ११,७९६ फुटांवर. मागे जाताना पुन्हा बारा हजारांच्या वर चढायचं, आणि कितीतरी मैल त्याच उंचीवरून जायचं, मग कुठे उतार. पुढे गेलो तर? तिथून निघालं की उतार. चार मैलांवर मिलनर खिंड, १०,७५८ फूट. पुढे थेट खाली ग्रँड लेक, साडेआठ हजारांच्याही खाली. मी म्हटलं, “बाबा रे, घर मागे आहे, पण उतार पुढे आहे. तिला आत्ता घर नको, उतार पाहिजे.”

तरी माझ्या शब्दावर न राहता मुलाने आत जाऊन तिथल्या वनरक्षकाला आणलं. तिने सौ.ना नीट विचारलं, चालवून पाहिलं, श्वास बघितला, बोलणं स्पष्ट आहे ना ते बघितलं. मग म्हणाली, उंचीचा त्रास आहे. इथे हवेतला प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने एक तृतीयांशाहून जास्त कमी पडतो. यावर पहिला उपाय खाली उतरणं. पाणी पाजा, पश्चिमेकडे उतरा, बरं वाटलं नाही किंवा दम लागला तर लगेच मदत मागा. मुलाने माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. पण खोटं कशाला सांगू, आत थोडं बरं वाटलं.

उतार सुरू झाला. मुलगा घाईत. प्रत्येक वळणाला ब्रेक, सोडला की पुन्हा ब्रेक. पाच मिनिटांत मला वास आला. तो वास घाटातला प्रत्येक चालक ओळखतो, तापलेल्या ब्रेकचा. मी हळूच म्हटलं, “ब्रेकवर उतरू नको. गिअरवर उतर.” तो म्हणाला, “नाना, ही गाडी ऑटोमॅटिक आहे.” मी म्हटलं, “असू दे. खालचा गिअर धरायची सोय कुठेतरी असेलच. घाटात ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं. ब्रेक हा उसना पैसा आहे, गिअर आपल्या घरचा.” त्याने दांडा एका बाजूला सरकवला, इंजिनाने गाडी धरली, आणि ती शहाण्या बैलासारखी चालायला लागली. थोड्या वेळाने रस्त्याच्या कडेला पाटीच आली, खालचा गिअर वापरा. नातू म्हणाला, “आजोबा, तुम्हाला पाटी आधीच कशी दिसली?”

मिलनर खिंडीत पाच मिनिटं थांबलो. सौ.नी पाणी प्यायलं, थोडा रंग आला होता. तिथे एक मोठा लाकडी फलक आहे. खंडाची पाणविभाजक रेषा तिथून जाते. या बाजूला पडलेला पाऊस कॅश ला पूडर नदीतून प्लॅट, मिसुरी, मिसिसिपी असं करत मेक्सिकोच्या आखाताला. आणि त्या बाजूला पडलेला पाऊस कोलोरॅडो नदीतून थेट उलट दिशेला, पॅसिफिक महासागराकडे. नातू एका पायावर इकडे, एका पायावर तिकडे उभा राहिला. लोक फोटो काढत होते.

मी त्या फलकाकडे बघत राहिलो. मनात हिशेब सुरू झाला. आपल्या कन्नडच्या घाटात उत्तरेकडे पडलेलं पाणी कुठे जातं? चाळीसगावच्या तितूरला. तितूर गिरणेला, गिरणा तापीला, तापी अरबी समुद्राला. आणि घाट चढून कन्नडकडे पडलेलं पाणी? शिवना नदीला, शिवना गोदावरीला, गोदावरी पार आंध्रात बंगालच्या उपसागराला. अरे, म्हणजे हाच फलक आपल्या घाटमाथ्यावर लावता येईल! दोन समुद्रांची वाटणी होते ती जागा मी हजारो वेळा ओलांडली, आणि एकदाही मनात आलं नाही. सातासमुद्रापलीकडे यावं लागलं. आणखी गंमत म्हणजे धुळ्याला तापीचं पाणी येतं. त्या घाटाच्या आपल्या बाजूला पडलेला थेंब गिरणेतून तापीत येऊन एखाद्या दिवशी आपल्या सोसायटीच्या टाकीतही पडत असेल.

मी हे सौ.ना सांगितलं. त्या गाडीत टेकून बसल्या होत्या. डोळे न उघडता म्हणाल्या, “आणि तुम्ही म्हणायचे, घाटात काय बघायचं.”

मुलगा पुढे बसून ऐकत होता. तो म्हणाला, “नाना, तुम्ही आयुष्यभर लोकांना खिडकीशी बसवलं. आईला मात्र कधीच नाही. मी लहानपणी ठरवलं होतं, गाडी घेईन तेव्हा आईला आधी घाटात नेईन. म्हणून आज आणलं. आणि बघा काय केलं मी.”

मंडळी, यावर मला उत्तर आलं नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. इतकंच.

ग्रँड लेकला पोहोचलो तोवर सौ.चं डोकं निम्म्याने उतरलं होतं. तळ्याकाठी बाकावर बसलो. तीन तास कुठेही हललो नाही. चहा झाला. दशमी-चटणी झाली. मघाचं फुगलेलं शेवेचं पाकीट खाली आल्यावर आपोआप बसलं होतं. नातू म्हणाला, “आजी, शेवेला पण बरं वाटलं.” तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या, आणि मला कळलं की आता काळजी नाही.

परत जायला सोपा रस्ता नव्हता. कुठूनही गेलं तरी डोंगर ओलांडायचाच. बर्थूड खिंडीतून गेलो, ११,३०७ फूट. पण वर न थांबता एका दमात ओलांडली. तीही खिंड त्याच पाणविभाजक रेषेवर आहे, म्हणजे एका दिवसात ती दोनदा ओलांडली. सौ. खिडकीशी बसून झोपल्या होत्या, मी आरशात बघत होतो. रात्री घरी.

घरी आल्यावर त्यांनी दुसरं कारण सांगितलं. म्हणाल्या, “मी बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, बघ, मी म्हणत नव्हतो का, घाटात काय बघायचं. म्हणून गप्प बसले.”

हे ऐकून मला झोप आली नाही. एक वाक्य आपण थट्टेने चाळीस वर्षं बोलतो आणि ते समोरच्या माणसाचं तोंड असं बंद करून ठेवतं, की बारा हजार फुटांवर श्वास कोंडला तरी ते उघडत नाही. मी तिथल्या तिथे त्यांची माफी मागितली. सगळ्यांसमोर आज पुन्हा मागतो. टाळ्या नकोत, बसा.

आता कामाच्या चार गोष्टी. आपल्या सोसायटीतली पंधरा-वीस घरं तरी अशी असतील की मुलं बाहेर आहेत आणि आपण जातो. मुलं हौसेने डोंगर दाखवतात. जायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः रक्तदाब, हृदयविकार असेल तर. उंच गावात गेलात तर पहिले काही दिवस विश्रांती. पाणी भरपूर. सकाळी लवकर निघा, तिकडे उन्हाळ्यात दुपारनंतर डोंगरावर विजा होतात. आणि डोकं दुखलं, मळमळलं तर लगेच सांगा. लपवणं हा समजूतदारपणा नाही. उपाय एकच, खाली उतरणं. आणि उतार घराच्याच दिशेला असतो असं नाही, हे नकाशात बघा. तरुणांसाठी एक: घाट उतरताना गिअर. हा नियम अमेरिकेत खरा आहे तसा कन्नडला, लळिंगला, कोंडाईबारीला आणि बिजासनलाही खरा आहे.

परत आल्यावर श्रावणात मी शेजारच्या मुलाची गाडी मागितली, त्यालाच चालवायला लावली आणि सौ.ना घेऊन कन्नडचा घाट चढलो. या वेळी पुढची जागा त्यांची, मी मागे. वर सुरक्षित जागा बघून गाडी थांबवली. धुकं होतं, दरी कधी दिसे, कधी जाई. ३१ ऑगस्ट २०२१ ला याच घाटात दरडी कोसळल्या, खाली चाळीसगावात पूर आला, त्याच्या खुणा अजून कड्यांवर आहेत. मी त्यांना दाखवलं, हे पाणी तापीचं, ते गोदावरीचं. त्यांनी अर्धा तास बघितलं. मग म्हणाल्या, “वळणं चांगली आहेत.”

शेवटचं. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने कार्यकारिणीला माझी एक सूचना आहे. पुढच्या श्रावणात सोसायटीची एक सहल काढू. सकाळी धुळ्याहून निघायचं, पाटणादेवीचं दर्शन, थोर गणिती भास्कराचार्यांची आठवण सांगणारी ती जागा मुलांना दाखवायची, चाळीसगावला केकी मूस यांचं कलादालन बघायचं, मग घाटमाथा, आणि दिवे लागायच्या आत परत. एक अट. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या बायकांनी इथे टँकरच्या रांगा लावून ही सोसायटी उभी केली, त्यांना खिडकीची जागा. दुसरी अट, कचऱ्याची एक पिशवी प्रत्येकाच्या हातात. नावं सचिवांकडे द्या. गाडी कोणीही चालवो, आरशात मागे बघायचं काम माझ्याकडे.

बोलताना काही कमी-जास्त झालं असेल तर माफ करा. बट्टी थंड होतेय, चला जेवायला.

जय हिंद, जय महाराष्ट्र, जय खानदेश!